एका लाइनवर दोघी

संगणक पुन्हा बंद पडला आणि आपला आपणच चालू झाला. तिने आता कपाळाला हात लावणंही सोडून दिलं होतं. नुसती बघत बसली. भूगोलाच्या पुस्तकाची अक्षरजुळणी ती घरी बसून करत होती, आणि सकाळपासून केलेला नद्यांचा धडा परत एकदा वाहून गेला होता.

"परत?" आतल्या खोलीतून नणंदेने विचारलं.

"परत."

नणंद नवऱ्याहून मोठी, लग्न न केलेली. कोपऱ्यावरच्या लॉजच्या चादरी न् अभ्रे आणून ती घरी इस्त्री करायची. 'भावाच्या घरात राहते, भावाच्या जिवावर नाही,' हे ती कुणी न विचारताही सांगायची, आणि ते खरंच होतं.

दुरुस्तीवाल्याने येऊन डबा उघडला, मूठभर धूळ काढली, पंखा पुसला, मेमरीची पट्टी काढून परत बसवली. तरी तेच. मग तो डबाच दुकानात घेऊन गेला आणि तसाच परत घेऊन आला.

"माझ्याकडे दिवसभर चालला, वहिनी. इथेच काय होतं त्याला?"

"सासर मानवत नसेल," ती म्हणाली. तो हसला. तिला हसायचंही त्राण नव्हतं.

नवरा म्हणायचा, "पुढेमागे नवीनच घेऊ." त्याच्या पुढेमागेवर तिचा भरवसा उरला नव्हता. ती दर ओळीला सेव्ह करायची. अंथरुणावर पडली तरी बोटं चालतच राहायची.

अशात नणंदेला, ताईंना, ताप भरला. त्या पडून होत्या तोवर संगणकाने हूं की चूं केलं नाही. औषधपाणी बघता बघता तिने नद्या संपवल्या, पर्वत चढली. तिला वाटलं, गेली एकदाची पीडा.

ताप उतरला, ताई कामाला लागल्या आणि पडदा काळा झाला.

ती उठून आतल्या दारात जाऊन उभी राहिली. इस्त्रीचा लाल दिवा विझला. थोड्या वेळाने टक्कन लागला, आणि तिच्या पाठीमागे नुकत्याच जाग्या झालेल्या संगणकाने पुन्हा मान टाकली. दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला, तशी गत झाली होती इतके दिवस.

सांगितलं तर ताई मनाला लावून घेणार. न सांगून चालणार नव्हतं. तोलूनमापून बोलण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती.

"ताई, जरा बटण बंद करता? ... हं, आता लावा."

ताईंनी लावलं. दोघींनी वाट पाहिली. बाहेर पडदा विझला.

"म्हणजे मीच होय," ताई खाली बसत म्हणाल्या.

"तुम्ही नाही. वायरिंग जुनं आहे. दोघींचा भार त्याला पेलत नाही."

इस्त्री स्वयंपाकघरात नेऊन पाहिली, तिथेही तेच. वायरमन म्हणाला, सगळ्या घराला एकच लाइन आहे, वेगळी ओढावी लागेल, सवड झाली की येतो.

"मी सोडते हे काम," ताई म्हणाल्या. "वय झालंच आहे आता."

"नका सोडू. रिकाम्या बसलात तर माझ्या मागे लागाल."

ताई तोंडाला पदर लावून हसल्या. मग ठरलं, सकाळी इस्त्री, जेवणानंतर संगणक.

पहिल्या सकाळी तिला काय करावं सुचेना. ताईंसमोर बसून ती अभ्र्यांच्या घड्या घालू लागली. घडी वाकडी येत होती.

"ठेव ते. आडवी हो जरा माझ्या पलंगावर."

"नको, डोळा लागेल."

"लागू दे."

गरम कापडाचा वास येत होता. ती आडवी झाली ती झालीच. जागी झाली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती, इस्त्री थंड पडली होती आणि तिची संगणकाची पाळी निम्मी सरली होती.

"उठवलं का नाही मला?"

"तोंड उघडं टाकून झोपली होतीस," ताई चादरींचं गाठोडं बांधत म्हणाल्या. "कुणाला धीर होणार?"

ती उठली. तोंडावर पाणी मारलं आणि संगणकासमोर जाऊन बसली.