नाथाजी हवालदारांचा चोख हिशेब

नाथाजी पलटणीत हवालदार-कारकून होते. पेन्शन घेऊन कोरेगावला आले तरी घरात काडेपेटी आली की वहीत तिची नोंद व्हायची आणि खाली सही-तारीख पडायची.

गेलं वर्षभर त्यांची बायको अंजना शेजारगावच्या शाळेत बदली मास्तरीण म्हणून जात होती. आता कायमची ऑर्डर आली होती. उद्या साताऱ्याला हजर व्हायचं, नाहीतर जागा हातची जाणार. हे नाथाजींना मनातून रुचत नव्हतं, पण तसं उघड म्हणायची भल्या माणसाला लाज. म्हणून त्यांनी हिशेबाचा कागदच तिच्यापुढं केला.

"बघ. पगार चारशे. कर आन् फंड कापून ऱ्हायलं तीनशे साठ. एसटी, छत्री, चपला चाळीस. भांडी-धुण्याला साळूबाई, म्हशीला गडी, सैपाकाला बाई, दळणाची गिरण, आईच्या उशाला माणूस, झालंच तर माझा हॉटेलातला च्या. समदं मिळून तीनशे एक. शिल्लक एकोणीस! एकोणीस रुपड्यांसाठी सरकारला कर भरायचा आन् वणवण करायची? सांग."

अंजनानं कागद दोनदा वाचला. तिचा चेहरा उतरला, आणि नाथाजींना जरा वाईटही वाटलं.

"ही तीनशे एकाची कामं आजवर कोन करत हुतं?"

"तूच की! फुकटात हुत हुती."

"किती वर्सं?"

"लगीन झाल्यापास्नं. अकरा."

तिनं पेन्सिल घेतली. मास्तरीणच ती, गुणाकाराला वेळ लागला नाही. "एकोणचाळीस हजार सातशे बत्तीस. आवं, तुमची पलटणीतली थकबाकी तुमी भांडून घेतली हुती. माजी कवा देताय?"

"ह्ये काय भलतंच!"

"आकडा तुमचाच हाय. खाली सहीबी हाय."

नाथाजींनी सही पाहिली. फर्मास, वळणदार, तारखेसकट. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या अक्षराचा राग आला.

तेवढ्यात कोपऱ्यात गोधडीखालून नाथाजींची म्हातारी आई बनुबाई उठून बसली. सगळं ऐकत होती.

"नाथ्या, तुजा बा तर गेला. माज्या चाळीस वर्सांचं कुनाकडं मागू रं?"

ती हसत नव्हती. नाथाजींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, आणि कोनाड्यातली धारेची चरवी उचलली.

"साताऱ्याची पैली एसटी सहाला हाय," ते दारातून म्हणाले. "म्हशीला गडी लावायला नगं. म्हस मी बघतो."