अकरा भागांची दहावी

करिष्मा बीजगणिताचे व्हिडिओ शोधायला फोन घेऊन बसली आणि तिला भलतंच काही सापडलं. वीस वर्षांपूर्वीची ‘दहावी ब’ नावाची मालिका. अकरा भाग दाखवून चॅनलने ती गुंडाळली होती आणि कुणा भल्या माणसाने जुन्या कॅसेटवरून यूट्यूबवर चढवली होती. त्या साली करिष्माही दहावीतच होती. तिने पहिला भाग लावला, बीजगणित राहिलं बाजूला.

तसा बीजगणिताचा आता उपयोगही नव्हता. छत्तिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दहावीला बसणार होती आणि नेमक्या बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी नणंदेची, निशाची, हळद धरली गेली. भिवंडीजवळच्या राहनाळमधल्या तिच्या सासरघराने पंचांग पाहिलं, लग्नाचा हॉल पाहिला, डीजेवाल्याची तारीखसुद्धा पाहिली. बोर्डाचं वेळापत्रक मात्र कुणी पाहिलं नाही. थोरल्या सुनेला परीक्षा असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि त्या घरात हळद दळताना जात्याला पहिला हात थोरल्या सुनेचाच लागायचा.

“पुढच्या साली दे की,” नवरा मनोज म्हणाला होता. करिष्माने मान डोलावली होती.

मालिकेतली वैशाली कुणापुढे मान डोलवत नव्हती. मास्तरांना उलट प्रश्न विचारायची, कपाळाला आठ्या घालून उत्तरं द्यायची. अकराव्या भागात बाप तिला भर वर्गातून न्यायला येतो. ती बाकावरून हलत नाही. “मी उठणार नाही,” एवढंच म्हणते. बस्स, पुढे काही नाही. बारावा भाग निघालाच नाही.

करिष्माचा बापही असाच वर्गाच्या दारात आला होता. गोदामवाल्यांना जमीन भाड्याने दिली तेच ते साल. “चल गो, भाडं चालू झालंय. तुला काय नोकरी करायची हाय?” ती निमूट दप्तर उचलून निघाली होती. साठ पोरांच्या वर्गात कुणी चकार शब्द काढला नव्हता, तिने स्वतःही नाही.

व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मुलगी फार उद्धट दाखवली, म्हणून मालिका पडली.’

करिष्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी आपल्या बाकावर बसून राहिली, हा उद्धटपणा? आणि आम्ही शहाण्यासारख्या उठून गेलो, आमचं काय भलं झालं? तिने फोन उपडा ठेवला आणि पुस्तक उघडलं. त्यानंतर रोज दुपारी दार लावून ती गणितं सोडवायला बसू लागली.

हळदीच्या सकाळी मांडवात बायकांची ही गर्दी. करिष्मा हॉल तिकीट घेऊन ओट्यावरून उतरली, तेव्हा सासूबाई, सगळ्यांच्या आक्का, जात्यापाशीच बसल्या होत्या.

“कय चाललीस गो?”

“पेपरला. दोन वाजता परत येतंय.”

“आन हळद?”

“हळद दोनला दळू. पेपर थांबत न्हाय.”

“लोकं काय बोलतील?”

“बोलू द्या, आक्का. वीस वर्षं गप होते, तवा कोन माझं कौतुक करत होता?”

मनोजने उगाच मंडपाचा दोर ओढून पाहिला. कुणी काही बोलायच्या आत नवरी मुलगी निशा पाटावर बसकण मारून म्हणाली, “वयनी आल्याबिगर मना कोनी हळद लावायची न्हाय.” आक्का एकदा लेकीकडे बघत होत्या, एकदा सुनेकडे. करिष्माने रिक्षाला हात केला.

भिवंडीतल्या परीक्षा केंद्राच्या फाटकाशी आयांचा घोळका उभा होता. सगळ्या तिच्याच वयाच्या, कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या हातात डबा. करिष्मा पुढे सरकली तसा वॉचमनने हात आडवा घातला.

“ताई, पालकांनी भायेर थांबायचं.”

तिने हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं.

“माझे पालक वीस वर्षांपूर्वीच येऊन गेले, भाऊ. आज पेपर माझा हाय. व्हा बाजूला.”