प्रत कुणाला दिलीच नाही

बहिणीचा घसा कापला, पण ती मुकी झाली नाही. ती टाइप करायची आणि हातभर पेटी बोलायची, तेही तिच्याच आवाजात. ऑपरेशनआधी पेटीच्या कंपनीत बसून तिने तो भरून दिला होता. पेटीतला मूळ प्रोग्राम तिच्या दादानेच तरुणपणी लिहून फुकट वाटलेला. अट एवढीच: ज्याला प्रत द्याल, त्याने तीन वर्षांत मागितला तर तुमच्या फेरफारांसकट सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाणही, द्या.

ती अट वाचून बहिणीने तेव्हाच खोट काढली होती. प्रत न देता कुणी नुसतं दुरून वापरू दिलं तर? आणखी एक ओळ घाल, म्हणाली होती. दादा हसला. एवढा उपद्व्याप कोण करतंय, मास्तरीणबाई?

उपद्व्याप झाला. दोन वर्षांपूर्वी पेटीवर ‘अपडेट करा’ असं आलं, तिने होय दाबलं, आणि प्रोग्राम पेटीतून उठून कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसला. हाती उरलं खोकं. आता कंपनीचं पत्र आलं: परवडत नाही, सेवा एक तारखेपासून बंद.

दादा कंपनीत जाऊन थडकला. वकील गोड बोलणारा. आधी पाणी विचारलं, मग दादाचीच अट त्याच्यापुढे सरकवली.

“तुम्हीच लिहिलंय, साहेब. प्रत दिली तर. आम्ही प्रत कुणाला दिलीच नाही. ताईंकडे फक्त आवाज जातो.”

“आधी पेटीत होता तो?”

“त्याचा कोड तीन वर्षांत मागायचा होता. पेटीला सहा झाली.”

मागितला नव्हता. चालत्या गाडीची चाकं कोण मोजतं? तिच्या आवाजाची फाइल हवी तर आजच न्या, असंही वकील म्हणाला. फक्त कंपनीच्या फेरफारांशिवाय ती कुठेच चालणार नाही.

चोराने कडी तोडलीच नव्हती. दार दादाने उघडं ठेवलं होतं, आणि हे हरामखोर पाय पुसून आत आले होते.

एक तारखेला पेटी गप्प झाली. दादाने स्वतःचा जुना प्रोग्राम तिच्यात भरला. त्यात आवाज एकच, पंचवीस वर्षांपूर्वी चाचणीसाठी भरलेला, त्याचा स्वतःचा.

बहिणीने पेटी जवळ ओढली. मग तिने टाइप केलं. दादाच्याच तरण्या, घोगऱ्या आवाजात पेटीने विचारलं,

“दादा, ती ओळ का नाही घातलीस?”

उत्तराची वाट न बघता तिने बटण दाबून पेटी बंद केली. पेटी पुन्हा कधी लावली नाही.