घर लांब पडतं

विश्वजीतला एका गोष्टीचा लई अभिमान होता. आपल्या ऑफिसात साहेबगिरी नाही, सगळं कसं हसतखेळत. ऑफिस म्हणजे शहरातल्या गारखेडा भागातली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची एजन्सी. हा तिथला मॅनेजर, आणि हाताखाली दोन माणसं. हिशेब बघायला सुलेखा आणि गिऱ्हाईक सांभाळायला सम्यक. दोघांना तो रोज सकाळी आल्या आल्या विनोद ऐकवायचा. "क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नाय, अन् चहा पाजल्याशिवाय सम्यक हलत नाय. कळला का?" हा विनोद कित्येक वर्षं चालू होता. एवढा वापर झाला असता तर ट्रॅक्टरसुद्धा भंगारात गेला असता.

मग एक दिवस सुलेखानं राजीनामा दिला. म्हणाली, "घर लांब पडतं, साहेब."

ती गेली तर ऑफिस लंगडं होणार हे तर होतंच, पण तिच्यावर विश्वजीतची माया होती, धाकट्या बहिणीवर असावी तशी. हे सरळ बोलावं की नाही? पण वाईट वाटलं की या बाबाला विनोदच सुचायचा. "मग घरालाच चाकं लावू की. टायर आपल्याकडं हायेत. कळला का?" सुलेखा "बरं साहेब" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

त्याच आठवड्यात त्यानं सम्यकला विचारलं, रविवारी बघण्यासारखं काही आहे का? सम्यकनं एकदा सुलेखाकडं बघितलं आणि एका इंग्रजी मालिकेचं नाव सांगितलं. इंग्रजी म्हणजे पार विलायतेतली. नळ-तोट्या विकणारं एक मरतुकडं ऑफिस, आणि त्यात एक साहेब. त्या साहेबाला वाटतं, आपल्याएवढा विनोदी माणूस जगात झाला नाही.

रविवारी दुपारी विश्वजीत जो टीव्हीसमोर बसला तो उठेचना. तो विलायती साहेब तोंड उघडायचा आणि याच्या अंगावर काटा यायचा. लाज त्याची, कान गरम याचे. बघवत नाही म्हणून तोंडावर उशी धरायची, आणि राहवत नाही म्हणून उशीच्या कडेनं परत बघायचं. सगळ्यात जास्त मजा त्याला एका गोष्टीची वाटली. साहेबानं विनोद केला की तिथली माणसं हसायची नाहीत. गुपचूप मान वळवून थेट कॅमेऱ्यात बघायची, बघितलंत ना आमचं नशीब, असं म्हणत असल्यासारखी.

"सोनिया, अगं बघ, हा तर आमच्या हेड ऑफिसचा आप्पासाहेब," तो डोळे पुसत बायकोला म्हणाला.

"आप्पासाहेब व्हय?" सोनिया म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. संसारात इतकी वर्षं काढलेल्या बाईला कुठं गप्प बसायचं ते कळतं.

पुढच्या मंगळवारी त्याचा चष्मा हरवला. ऑफिसात कुठं ठेवला ते बघायला त्यानं संध्याकाळी घरी मोबाईलवर सीसीटीव्हीचं दिवसभराचं चित्रण उघडलं. गोदामातून बॅटऱ्या चोरीला गेल्यावर त्यानंच हौसेनं तो कॅमेरा बसवून घेतला होता. आवाज नव्हता. पडद्यावर एक जाडसर माणूस आत आला, हात पसरले, तोंड हलवलं आणि स्वतःच हसला. आणि सुलेखा अन् सम्यक, दोघांनी एकदम माना वळवून थेट वर कॅमेऱ्यात बघितलं.

त्यानं सोमवार लावला. तेच. शनिवार लावला. तेच. चष्मा राहिला बाजूला. आप्पासाहेब बिचारा उगीच बदनाम झाला होता.

आणि मग त्याला ती दुसरी गोष्ट उमगली. सुलेखाचं घर ऑफिसच्या मागं दोन गल्ल्यांवर होतं. दुपारी ती जेवायला घरी जायची. आणि तिनं धरलेली नवी नोकरी होती पार वाळूजला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. एवढं तर गावाकडं फुलंब्रीला बांधलेल्या त्याच्या म्हशीलाही कळलं असतं. ती घरापासून नाही, त्याच्यापासून लांब चालली होती.

दुसऱ्या दिवसापासून विश्वजीतनं विनोद बंद केले. तिला थांब म्हणायचं होतं, पण विनोद वगळून बोलायची सवयच नव्हती, त्यामुळं तो नुसतीच बिलं चाळत बसला. सम्यकनं घाबरून विचारलं, "साहेब, तब्येत बरी हाय ना?"

सुलेखाच्या शेवटच्या दिवशी शाल आली, फुलं आली, पेढे आले. विश्वजीत बोलायला उभा राहिला. समोर दोघं, हाताची घडी घालून. ओठावर क्लच आला, त्याच्यामागं गिअर आला. त्यानं दोन्ही गिळले. मग त्यानं हळूच मान वळवली आणि वर कॅमेऱ्यात बघितलं. चांगलं टक लावून बघितलं.

आधी सम्यक फुटला. मग सुलेखा. शाल तोंडाला लावून ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत ती त्याच्यापुढं पहिल्यांदा हसत होती.

हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "सुलेखाताई, माझं चुकलं. थांबता का?"

तिनं डोळे पुसले. पेढ्याचा डबा उचलून आधी त्याच्यापुढं धरला.

"तिकडं शब्द दिलाय, साहेब," ती म्हणाली. "महिनाभर आधी असं बघितलं असतं, तर घर जवळच होतं."

विश्वजीतनं पेढा घेतला. जिभेवर चाकांचा विनोद आला होता. पेढ्याबरोबर तोही गिळला.