सकाळच्या बाई

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. उन्हाळा तोंडावर आला होता. थोरली कोमट पाण्याचं पातेलं हातात घेऊन वडिलांच्या खोलीबाहेर उभी होती, आणि पाणी दुसऱ्यांदा गार झालं होतं.

“मेलीस का गं तिकडे?” आतून आवाज आला. “का मी मरायची वाट बघतेस?”

“आले अण्णा. पाणी तापतंय.”

पाणी तापत नव्हतं. तिचा पाय उचलत नव्हता.

वडिलांच्या डाव्या टाचेला साखरेच्या आजारानं जखम झाली होती. तिची पट्टी रोज सोडून, जखम धुऊन, मलम लावून पुन्हा बांधावी लागे. पट्टीचा शेवटचा वेढा सुटला की असा वास उठे की नुसत्या आठवणीनं थोरलीला दुपारचा घास जात नसे. सुरुवातीला डॉक्टरांचा कंपाउंडर येऊन हे काम करून जाई. मग डॉक्टरांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दवाखाना काढला आणि कंपाउंडरची सकाळ तिकडे गेली. घरात दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, धाकटा भाऊ दूर कारखान्यात मोठ्या जागेवर. थोरली पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसे. तिचं लग्न राहून गेलं होतं, आणि ते राहिलंय हे लोकांच्याही आता लक्षात राहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी कंपाउंडरनं तिला सगळं शिकवलं होतं. निघताना ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली.

“कंपाउंडरभाऊ, मला नाही जमणार हो हे.”

“मला जमतं, ते काही मी शूर म्हणून नाही, ताई,” तो म्हणाला. “हा माझा बाप नाही म्हणून. यांनी मला कधी मारलं नाही, कडेवर घेतलं नाही. मला नुसता पाय दिसतो. तुम्ही आत जाताना सगळा बाप घेऊन जाता.”

“मग काय करू?”

“मुलीला दाराबाहेर ठेवून जा. चपला ठेवतो ना, तशी.” आणि आपला जुना पांढरा डगला त्यानं तिच्या हातात दिला. “हा घाला. कपडे तरी खराब होणार नाहीत.”

डगला खुंटीवर तसाच होता. त्या सकाळी, पाणी दुसऱ्यांदा गार झाल्यावर, थोरलीनं तो अंगात घातला, बाह्या दुमडल्या आणि उघड्या दारावर टकटक केलं.

“येऊ का आजोबा?” ती म्हणाली. “पट्टी बदलायला आलेय.”

आता बोलणी बसणार म्हणून तिनं डोळे मिटले.

“या बाई,” वडील म्हणाले. “या, आत या. उजेड पुरतोय ना? नाहीतर खिडकी उघडून घ्या.”

वडिलांना वेड लागलं नव्हतं आणि डोळेही शाबूत होते. चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात काढलेला माणूस. ताग्यातला तुटका धागा त्यांना लांबून दिसे, तर पोटची पोर दिसणार नाही? पण त्या दुकानानं त्यांना दोन जिभा दिल्या होत्या. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडात खडीसाखर, आणि घराचा उंबरठा ओलांडला की तीच जीभ मिरचीत बुडवून काढल्यासारखी. आई म्हणायची, “एकदा गिऱ्हाईक होऊनच जाते दुकानात. तेवढंच गोड ऐकायला मिळेल.” बिचारीचं जाणं राहूनच गेलं. घरातल्यांपैकी गोड शब्द मिळे तो फक्त धाकट्याला.

थोरलीनं पट्टी सोडली. वास आला, पण हात थांबले नाहीत. समोर खरंच नुसता पाय होता.

“आमच्या मुलीनं पाठवलं का तुम्हाला?”

“हो.”

“ती कुठे गेली?”

“पोस्टात.”

“गेली ते बरं झालं. सकाळी सकाळी तिचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं असतं.”

बाईंना हसू आलं. वडीलही हसले. काम झाल्यावर त्यांनी हात जोडले. “फार हलका हात आहे तुमचा. उपकार झाले.”

थोरलीनं बाहेर येऊन डगला काढला, हात धुतले आणि चहा घेऊन पुन्हा आत गेली.

“हा चहा आहे का पाय धुतलेलं पाणी?” वडील खेकसले. “त्या बाई बघ, किती नीट काम करतात. शीक जरा त्यांच्याकडून!”

“बरं अण्णा,” ती म्हणाली.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढला नाही. बाईंना वडील ताग्यांच्या, नखरेल गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत. एका नवरदेवानं लग्नाच्या सुटाचं कापड पसंत करायला सासूलाच कसं आणलं होतं, हे सांगताना त्यांना हसून ठसका लागे. थोरलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपले वडील इतके गमतीदार आहेत हे तिला चाळिशी उलटल्यावर, उसन्या डगल्यात कळत होतं. जे काम नको नको वाटायचं, त्यासाठी ती आता लवकर उठू लागली.

आणि मग तिला लोभ सुटला. बाईंच्या तोंडून ती हळूच विषय काढी. “मुलगी करते ना हो तुमचं सगळं?” वडील “करते, करते” म्हणत आणि पुन्हा ताग्यांवर जात. एक चांगला शब्द, बस. तो बाईंना सांगितला तरी चालला असता. तो ऐकायला ती असणारच होती.

पावसाळ्याच्या अखेरीस धाकट्याचं पत्र आलं. याही खेपेला रजा मिळत नव्हती. वडिलांनी ते उशाखाली ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. दुसऱ्या सकाळी बाई आल्या तेव्हा त्यांनी ताग्यांची गोष्ट काढली नाही. पट्टी निम्मी झाली तेव्हा म्हणाले, “शेजारचे म्हणतात, असली लेक मिळायला भाग्य लागतं. मीही मान हलवतो.”

थोरलीचा हात थांबला. “मग तिला तसं सांगत का नाही कधी?”

“काय सांगू, बाई? माझा जीव नाही ना तिच्यावर.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“धाकट्याचं नुसतं पाकीट दिसलं तरी छातीत कालवतं,” वडील म्हणाले. “आत ‘येत नाही’ लिहिलेलं असलं तरी. आणि ही डोळ्यांसमोर राबते, तर मला नुसतं दडपण येतं. मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. ती एवढीशी होती तेव्हा केला. आता तर रोज करतो. पण जीव काही ताग्यातून कापून देता येत नाही हो, इतका याला, इतका तिला. येत असता तर मी बरोबर मापून दिला असता. मापात कधी कुणाला फसवलं नाही मी.”

थोरली पट्टीचा वेढा घेत राहिली.

“हे तिला कळलं तर?” वडिलांनी विचारलं.

“कळलेलं असेल,” बाई म्हणाल्या. “पोरींना हे दुधाचे दात पडायच्या आत कळतं.”

“मग करते कशाला?”

बाईंनी गाठ मारली. “घट्ट झाली का?”

“नाही. बरोबर झाली.”

दुसऱ्या दिवशी थोरलीनं दारावर टकटक केलं नाही. चहा आणि पोळी तिपाईवर ठेवली आणि पोस्ट उघडायच्या कितीतरी आधी घराबाहेर पडली. चालताना तिच्या मनात एकच होतं : आता कशासाठी? इतकी वर्षं पाणी तापवलं, औषधं आणली, स्थळं आली तेव्हा “अण्णांचं कोण बघेल” म्हणून मान खाली घातली, ते सगळं कधीतरी तो शब्द येईल म्हणून. शब्द आला होता. तो हा होता.

पोस्टाच्या खिडकीवर एक म्हातारी वेड्यावाकड्या दोऱ्यांनी बांधलेलं पार्सल घेऊन आली. रस्त्यातच फुटलं असतं. थोरलीनं सवयीनं दोरा सोडला, कागदाच्या कडा दुमडल्या, फडकं ताणून घेतलं आणि सुई-दोऱ्यानं शिवत आणलं. आत काय होतं, कुणाला जाणार होतं, तिला माहीत नव्हतं.

“अगदी घरचं असल्यासारखं बांधलंत हो!” म्हातारी म्हणाली.

“घरचं असतं तर इतकं नीट बांधलं नसतं,” थोरली बोलून गेली.

रांग हसली. शेजारच्या खिडकीवरचा कारकून हसला. थोरलीही हसली आणि हसता हसता तिला हातातला दोरा दिसेना. तिनं डोळे पुसले, लाखेचा शिक्का मारला, मागच्या माणसाचं पार्सल घेतलं, त्याच्या मागच्याचंही घेतलं. जेवणाच्या सुटीत डबा न उघडता ती घरी निघाली.

पोळी तशीच होती. पट्टीतून ओल बाहेर आली होती. तिनं पाणी तापवलं, डगला घातला, टकटक केलं.

“या,” वडिलांचा आवाज बारीक होता. “मला वाटलं, तुम्ही काम सोडलंत. काल बोललो त्याचा राग आला.”

“बाईंना कसला राग? राग घरच्यांना येतो.”

“मग घरच्यांना आला असेल.”

“ते घरचं घरच्यांनी बघावं. पाय इकडे करा.”

त्यांनी पाय पुढे केला. मग म्हणाले, “खोटं बोलायला हवं होतं का मी?”

थोरलीनं मलमाची डबी उघडली. खोटं गोड लागलं असतं, हे तिला माहीत होतं. “नको,” ती म्हणाली. “कुणी तरी एकदा खरं सांगायलाच हवं होतं.”

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. काही मागायचं उरलं नव्हतं म्हणून असेल, पण हात आणखी हलके झाले. वडील थोरलीवर खेकसत राहिले, चहाला नावं ठेवत राहिले. फक्त “मेलीस का” म्हणायचं त्यांनी बंद केलं.

थंडीत वडिलांना ताप आला आणि उतरेना. डॉक्टरांनी धाकट्याला तार करायला सांगितली. तो आला. सुटाबुटातला, जाडजूड, दारातच रडणारा. त्याला बघून वडिलांचा चेहरा असा उजळला की थोरलीला वाटलं, आता बरेच होतात की काय. तो उशाशी खुर्ची घेऊन बसला आणि वडिलांनी त्याचा हात सोडला नाही. थोरली स्वयंपाकघरातून ते बघत होती. तिला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

सकाळी वडिलांनी डोळे उघडले. “बाई आल्या नाहीत अजून?”

“कोण बाई, अण्णा?” धाकट्यानं विचारलं. “ताईला बोलावू?”

“ताई नको. बाई.”

धाकट्यानं गोंधळून दाराकडे पाहिलं. थोरली डगल्याची गुंडी लावत उभी होती.

“आलेय आजोबा.”

वडिलांनी मुलाच्या हातातून आपला हात काढून घेतला. तेवढ्यानंसुद्धा त्यांना दम लागला.

“ऊठ,” ते धाकट्याला म्हणाले. “बाईंना खुर्ची दे.”

“अण्णा, अहो, ही तर आपली...”

“ऊठ म्हणतो ना!” इतक्या वर्षांत धाकट्याला त्यांनी पहिल्यांदाच त्या दुसऱ्या जिभेनं सुनावलं. मग थोरलीकडे वळून म्हणाले, “बसा बाई. रोज उभ्या उभ्या वाकून करता. माझ्या लक्षातच आलं नाही.”

थोरली बसली. बसूनच तिनं पट्टी बदलली. धाकटा भिंतीला टेकून, नाकाला रुमाल लावून उभा होता. संध्याकाळी वडील गेले.

कंपाउंडरनं पुढे स्वतःचं औषधांचं दुकान काढलं. ते चांगलं चाललं. मुलगी त्यानं डॉक्टर केली. धाकटा पुष्कळ वर्षं लोकांना सांगत असे, “शेवटी शेवटी अण्णांना ताईची ओळखसुद्धा राहिली नव्हती. कुणा परक्या बाईलाच हाका मारत होते. एवढं केलं बिचारीनं, आणि नशिबात हे.” थोरली समोर असली तर मान हलवी. तिनं त्याला कधी दुरुस्त केलं नाही. आपल्या वाट्याचं काय ते तिला पक्कं माहीत होतं, आणि त्याच्या वाट्याचं कमी करायचं तिच्या मनात नव्हतं.

ती पार्सलच्या खिडकीवरूनच निवृत्त झाली. त्याच सुमारास धाकट्याला बापाचाच आजार झाला आणि पायही तसाच चिघळला. थोरली गाडी पकडून त्याच्याकडे गेली आणि वर्षभर राहिली. भावजय नव्या वळणाची, मनानं चांगली, पण पट्टी सुटली की खोलीबाहेर पळे. एकदा धीर करून ती दारात थांबली.

“वन्सं, एक विचारू? तुम्हाला किळस कशी हो येत नाही?”

“येते ना,” थोरली म्हणाली. “जरा साबण दे बघू इकडे.”