सरकीचा ओ आणि सुईचा ई

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझं बोलणं कुणी ऐकून घेईल का, याची मला नेहमीच शंका वाटते. पण आज इतका आनंद झालाय की राहवतच नाही!

छापखान्यात माझी पानं जाड दोऱ्यानं शिवली गेली. मग मी आदिलाबादच्या कापूस बाजारातले कारकून विठ्ठलराव यांच्या टेबलावर आलो. कापसाच्या गाठीला इंग्रजीत 'बेल' म्हणतात आणि जामिनालाही 'बेल'. स्पेलिंग मात्र वेगळं. एकदा पत्रात त्यांनी शंभर गाठींऐवजी शंभर जामीन मागितले! तेव्हापासून अशा फसव्या जोड्या ते माझ्या समासात पेन्सिलीनं टिपून ठेवू लागले. "हा आहे म्हणून माझी नोकरी आहे," असं ते सांगत, तेव्हा माझा पुठ्ठा अभिमानानं ताठ होई.

निवृत्त होताना त्यांनी मला बाजारात कापूस आणणाऱ्या भीमपूरच्या शेतकऱ्याला, गोपाळला दिलं. "तुमच्या लेकीच्या कामी येईल." पण लेक, अपूर्वा, तेव्हा रांगत होती. तिची आई शीतल कपडे शिवते. तिचं मशीन डगमगायचं, म्हणून मी त्याच्या एका पायाखाली गेलो. दहा वर्षं तिथेच! हळूहळू माझीच शिवण उसवली. घरात मोबाइल आल्यावर तर मला कोण विचारणार?

गेल्या महिन्यात अपूर्वा त्याच मोबाइलवर इंग्रजी निबंध लिहीत होती. आदिलाबादच्या निवासी शाळेत प्रवेश हवा, तर 'माझं कुटुंब' पाचच्या आत पाठवायचं होतं. साडेचारला तिनं मोठ्यानं वाचलं, "माय फादर सोज कॉटन. माय मदर सोज ब्लाऊजेस."

मशीन थांबलं.

"काऊन वं, बाबा पेरते, मी शिवतो. दोघाइले एकच शब्द?"

"स्पेलिंग येगळं असते, आई. मोबाइलनं लाल रेघ नाही मारली, म्हंजे बरोबर हाये."

"त्याले काय मालूम, या घरात कोण काय करते! ते खालचं पुस्तक काढ."

मित्रांनो, मला ओढून काढलं! दहा वर्षांनी उजेड! अपूर्वाचं बोट पानावरून सरकत समासात विठ्ठलरावांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळीवर थांबलं: 'पेरण्यात (sow) ओ, मातीत पडलेली गोल सरकी. शिवण्यात (sew) ई, सुईचं नेढं.'

तिनं मोबाइल पाहिला आणि किंचाळलीच.

"आई वं! बाबा कापूस शिवून राह्यले, आन् तू पोलके पेरून राह्यली!"

शीतल पोट धरून हसली. "उगवले त बरंच हाये, शिवाचं काम तरी वाचते! आता लवकर बदल, पाच वाजून राह्यले!"

दोन अक्षरांची अदलाबदल झाली. पाचला दोन मिनिटं असताना निबंध गेला.

आज शाळेचा फोन आला. अपूर्वाची निवड झाली! तिच्या पेटीत मीही निघालोय. मशीनखाली आता फरशीचा तुकडा आहे.

मित्रांनो, मोबाइल चुकलेला शब्द पकडतो, पण बरोबर लिहिलेला भलताच शब्द सोडून देतो. शंका आली तर लाजू नका, उघडून पाहा. आणि आम्हा जुन्यांना जरा जपून उघडा. शीतलनं सकाळीच गोधडीच्या सुईनं माझी पाठ शिवली आहे. हो, सुईच्या नेढ्यातल्या ईनंच!