वरून काहीच दिसत नाही

मी एक जुना फ्लॅप आहे, विमानाच्या पंखाला मागच्या बाजूने जोडलेला. विमान उतरताना मी खाली झुकतो आणि वाऱ्याला थोपवून धरतो. म्हणजे, धरायचो. मित्रांनो, माझ्या अंगावर एखादा पोचा शोधून दाखवा. सापडणार नाही. तरीही मी मोडीत निघालो आहे, आणि ज्याच्यामुळे निघालो त्याचा मला अजून राग येतो.

माझे अंग केसाहून बारीक अशा कार्बनच्या तंतूंचे. कारखान्यात एक बाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. राळेत भिजलेल्या कापडाचे थर त्यांनी साच्यात एकावर एक बसवले. एक उभा, एक आडवा, दोन तिरपे. कारण तंतू आपल्या लांबीच्या दिशेने ओढला तर वाघ असतो, बाकी दिशांना शेळी. मग दाबाच्या भट्टीत भाजून मी कडक झालो. ॲल्युमिनियमच्या फ्लॅपपेक्षा हलका, तरी ताण सोसायला त्याच्याहून खंबीर, आणि गंज तर मला ठाऊकच नाही. उणीव एकच राहिली. माझ्या थरांना एकमेकांशी बांधून ठेवते ती फक्त राळ. धातूला घाव बसला की पोचा येतो आणि तो लगेच चुगली करतो. माझे थर मात्र आतल्या आत सुटतात आणि चेहरा होता तसाच राहतो.

अकरा वर्षे मी उडालो. देखभालीच्या शेडमध्ये माझे सगळे एक मेकॅनिक पाहायचा. त्याला सारे उस्ताद म्हणत. मला पुसताना तो म्हणायचा, "हा आपला पठ्ठ्या! विमान म्हातारं होईल, हा नाही होणार." मी त्याला घरचा माणूस समजत होतो.

एका दुपारी शिडीवर काम करताना त्याच्या हातातला मोठा पाना निसटला आणि थेट माझ्यावर आदळला. उस्तादने खाली येऊन बोट फिरवले. काहीच दिसेना. आमच्या शेडचा नियम होता की कुणाच्या हातून काही पडले, अगदी स्क्रू का असेना, तर भिंतीवरच्या फळ्यावर नावानिशी लिहायचे. बावीस वर्षांत उस्तादचे नाव त्या फळ्यावर एकदाही आले नव्हते, आणि त्याचा त्याला केवढा तोरा! त्याने इकडेतिकडे पाहिले, बाहीने मला पुसले आणि पुटपुटला, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

पुढचे तीन आठवडे मी तसाच उडालो. दर वेळी उतरताना थर आणखी उकलत गेले. तळहाताएवढी जागा ताटाएवढी झाली. खिडकीशी बसलेली मुले मला पाहून "आई, बघ, पंख हलतोय!" म्हणत, आणि माझा जीव टांगणीला लागे.

शेवटी तपासनीस बाई आल्या. हातात एक नाणे घेऊन त्या बोटभर अंतराने मला ठोकत आणि कान देऊन ऐकत. टण, टण, टण. थप्प. त्या थांबल्या.

"उस्ताद, इथे काही पडलं होतं का?"

"छे हो बाई! पोचा तरी दिसतोय का कुठे?"

"दिसत नाही, म्हणूनच विचारतेय. खरं सांगा."

"माझं नाव फळ्यावर कधी वाचलंय तुम्ही?"

मित्रांनो, त्याने केसाने माझा गळा कापला. त्याच दुपारी तो बोलला असता तर एका ठिगळावर भागले असते. आता ठिगळाची वेळ टळून गेली होती. बाईंनी माझ्यावर लाल खूण केली आणि मला पंखावरून उतरवले.

हल्ली मी नव्या कामगारांच्या वर्गात भिंतीला टेकून उभा असतो. त्यांना शिकवतो कोण? उस्तादच! नाणे ठोकून तो सांगतो, "ऐका. वरून काहीच दिसत नाही, पण आतून खलास."

परवा एका मुलीने विचारले, "सर, हे कशामुळे झालं?"

"कोण जाणे," तो म्हणाला. "पाडलं असेल कुणीतरी."

मित्रांनो, तुमच्या हातून काही पडले तर त्याच क्षणी सांगून टाका. पडले यात गुन्हा नाही, पडतेच. मला तर बोलता येत नाही, फक्त थप्प म्हणता येते. उस्तादला ते नीट ऐकू येते. म्हणून तर त्या जागेवर तो एकदाच ठोकतो, आणि नाणे घाईघाईने खिशात टाकतो.